पाटी मॉन्टेसरीची, तर पार्टिशन कशाला?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)





समितीने मला 'शिक्षण आणि आपला समाज' या विषयावर बोलायला सांगितले. विषय मोठा आणि मी जिनात काम करणारा माणूस. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचे जे काही आहे ते वाचनालयातले, युनियनच्या बैठकीतले आणि चार शहाण्या माणसांच्या संगतीतले. म्हणून मी सगळ्या शिक्षणावर बोलणार नाही. आपल्या डोळ्यासमोरचा एकच प्रश्न घेतो.

आपल्या विहाराच्या सभागृहात महिला मंडळाची बालवाडी भरते. तीन वर्षांचे, चार वर्षांचे, साडेपाच वर्षांचे, सगळी लेकरे एकाच सतरंजीवर. आता आपल्या तरुण मंडळींनी समितीपुढे एक सूचना ठेवली आहे. सभागृहात प्लायवूडची दोन पार्टिशने टाकायची, नर्सरी, केजी वन, केजी टू असे तीन वर्ग करायचे, थोडी फी ठेवायची आणि दारावर 'मॉन्टेसरी' अशी पाटी लावायची. पोरांच्या मनात खोट नाही. आपली लेकरे मागे राहू नयेत ही त्यांची तळमळ आहे, आणि ती माझीही आहे. पण मित्रहो, माझे म्हणणे असे, की पाटी मॉन्टेसरीची लावायची असेल तर पार्टिशन टाकता येत नाही. आणि पार्टिशन टाकायचेच असेल तर ती पाटी लावता येत नाही. दोन्ही एका भिंतीवर बसत नाही. कसे ते सांगतो.

ही मॉन्टेसरी म्हणजे कोण? आपल्याकडे पुष्कळांना वाटते, की मॉन्टेसरी म्हणजे टाय, बूट, पिवळी बस आणि साहेबाच्या पोरांची शाळा. खरी हकिकत उलटी आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी या इटली देशातल्या डॉक्टरीणबाई. जन्म १८७० चा. बाईमाणसाने डॉक्टर होणे तिकडेही सोपे नव्हते. सुरुवातीला त्यांनी मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांमध्ये काम केले. मग ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरात सान लोरेंझो नावाच्या मोहल्ल्यात त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. हा मोहल्ला कोणाचा? मजुरांचा. आईबाप सकाळी कामावर जात, आणि शाळेच्या वयाला न आलेली लेकरे दिवसभर चाळीच्या जिन्यांत उंडारत. भिंती खराब करत म्हणून घरमालक वैतागले होते. त्या लेकरांना कुठेतरी बसवा, एवढ्यासाठी ती खोली मिळाली. पन्नासेक मुले होती, आणि वयाप्रमाणे त्यांचे वर्ग पाडलेले नव्हते. तिथे त्या बाईंनी पाहिले, की मुलांना हाताने करायची कामे दिली, त्यांच्या मापाची टेबले-खुर्च्या दिल्या, हाताला येईल अशा कपाटात वस्तू ठेवल्या, तर ज्यांना लोक द्वाड म्हणत तीच मुले तासन् तास मन लावून काम करतात. जगभर गेलेली पद्धत ती हीच. आपल्यासारख्याच कामगारांच्या चाळीत तिचा जन्म झाला. श्रीमंतांनी ती नंतर उचलली.

या पद्धतीचा एक पक्का नियम आहे. तीन ते सहा वर्षांची मुले एका वर्गात बसतात. तीन वर्षे तोच वर्ग, शक्यतो त्याच बाई. दरवर्षी थोरली पुढच्या शाळेत जातात, नवी धाकटी येतात. प्रत्येक साधन वर्गात एकच असते. एकाच्या हातात असेल तर दुसऱ्याने त्याचे होईपर्यंत थांबायचे. झाले की जिथले तिथे ठेवायचे. आपल्याला वाटेल, साधने कमी पडली म्हणून एकच असेल. तसे नाही. थांबायला शिकावे म्हणूनच एक ठेवतात.

आता हे आपल्या देशात, आपल्या भाषेत कसे आले ते पाहू. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. वकिली सोडून ते बालशिक्षणात पडले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. तिथे १९२३ साली ताराबाई मोडक येऊन मिळाल्या. ताराबाई मुंबईच्या, पण लग्नानंतर काही काळ आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३९ साली मॉन्टेसरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यारला आल्या. दुसऱ्या महायुद्धामुळे त्या इथेच अडकल्या आणि मधला थोडा काळ सोडला तर १९४९ पर्यंत भारतात राहिल्या. हजारावर शिक्षक त्यांनी इथे तयार केले.

पण ताराबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. ही पद्धत शहरात पैसेवाल्यांच्या दारात अडकून पडत होती. साधने महाग, खुर्च्या महाग. म्हणून १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. सोबत अनुताई वाघ होत्या. अनुताई बालविधवा, रात्रशाळेत शिकून उभ्या राहिलेल्या. बोर्डीला ताराबाईंनी विलायती साधने बाजूला ठेवली आणि बिया, शंख-शिंपले, दगडगोटे, पाने-फुले घेऊन तीच पद्धत चालवली. गावात बालवाडी निघाली. पण अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वस्तीतली लेकरे काही तिथे येईनात. त्या काळच्या कागदांत त्या वस्तीला हरिजनवाडा लिहीत. तो शब्द आपल्याला मान्य नाही, पण वस्ती आपली होती. तेव्हा या बाईंनी काय केले? लेकरू बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच लेकराच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून तिचे नाव पडले अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर चालणारा हा शब्द एका दलित वस्तीच्या अंगणात जन्मला, हे आपल्या पोरांना माहीत असले पाहिजे.

पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेले. तिथे वेगळीच अडचण. शाळेच्या वयाची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड. मुलगा येऊ शकत नव्हता, कारण त्याच्यामागे गुरे. ताराबाईंनी त्या मुलीला, भावंड घरी ठेवून ये, असे सांगितले नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या आणि तिला विकासवाडी म्हटले. कडेवरचे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. गुराख्यांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक मला तालुक्याच्या वाचनालयात मिळाले. जिनातून रात्रपाळी करून आलो होतो, तरी वाचत बसलो आणि त्या कडेवरच्या लेकराच्या मजकुराशी येऊन पुस्तक मिटले. पुढे वाचवले नाही.

कारण ते कडेवरचे लेकरू मी होतो.

आमची माय कापूस वेचायला, निंदायला जाई. बाप सालदार. मला सांभाळायला अक्का. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मला कडेवर घेऊन शाळेत जायची. मी रडायचो, कधी सतरंजी ओली करायचो. एक दिवस गुरुजींनी तिला दारातच सांगितले, "ही शाळा आहे, पाळणाघर नाही. याला ठेवून येत असशील तर ये." ठेवणार कुठे आणि कोणाजवळ? अक्काची तिसरी तिथेच संपली. गुरुजींचे नाव मी घेत नाही. एकट्या माणसाच्या गळ्यात चार वर्ग होते, तोही काय करणार! पण मित्रहो, मी सातवी शिकलो, आज या माईकसमोर उभा आहे, तो अक्काच्या तिसरीवर पाय ठेवून उभा आहे. अक्का समोर महिला मंडळाच्या रांगेत बसली आहे. विहाराच्या दारावरची पाटी ती आजही एकेक अक्षर जुळवून वाचते.

म्हणून ज्याला 'वयाप्रमाणे वर्ग' म्हणतात त्याची मला धास्ती वाटते. तीन वर्षांच्या भावाला एका पार्टिशनमागे आणि पाच वर्षांच्या बहिणीला दुसऱ्या पार्टिशनमागे बसवले, की एक रडते आणि दुसरी घरी बसते. आणि घरी बसणारी कोण असते, हे आपल्या बायकांना सांगायची गरज नाही.

आता कोणी म्हणेल, भाऊ, ही झाली गरिबीची अडचण. शिक्षण म्हणून त्यात काय फायदा? तर माझ्या धंद्यातले उदाहरण देतो. जिनात नवीन पोरगा लागला तर मालक त्याच्यासाठी अठरा वर्षांच्या पोरांचे वेगळे शेड बांधत नाही. तो जुन्या कामगाराच्या बाजूला उभा राहतो. हात कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे पाहून शिकतो. मी वाचायलाही तसाच शिकलो. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा एक हमाल जेवणाच्या सुट्टीत पेपर वाचायचा. तो अडला की मी सांगायचो, मी अडलो की तो सांगायचा. त्याला जोडाक्षरे जड जात, मला बातमीचा अर्थ लागत नसे. दोघांचेही भले झाले. एका वयाची पोरे एकत्र ठेवली की त्यांच्यात चढाओढ लागते. वेगवेगळ्या वयाची ठेवली की देणेघेणे लागते.

आपल्या बालवाडीतच पाहा ना. गेल्या पावसाळ्यात तांड्यावरचे एक लेकरू आले. त्याला घरची गोरमाटी तेवढी कळे. ताई मराठीत बोलल्या की ते नुसते टुकूटुकू पाहायचे. त्याच तांड्यावरची पाच वर्षांची एक पोरगी त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याच्या बोलीत सांगू लागली. पंधरा दिवसांत ते लेकरू मराठीत पाणी मागू लागले. नर्सरीचे पार्टिशन असते तर ती पोरगी पलीकडे केजी टूमध्ये असती. वीटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचेही तसेच. ती लेकरे उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. वयाच्या वर्गात त्यांना म्हणतात, तुझे इतके धडे बुडाले. एकत्र वर्गात कोणाचे काही बुडत नाही. जे साधन सोडून गेले होते तेच उचलायचे आणि पुढे चालायचे.

आणि आता माझ्या मनातली मुख्य गोष्ट सांगतो. एकत्र वर्गात प्रत्येक लेकरू पहिल्या वर्षी धाकटे असते, दुसऱ्या वर्षी मधले आणि तिसऱ्या वर्षी थोरले. धाकटे असताना त्याला कोणीतरी बोट धरून नेते. थोरले झाले की ते दुसऱ्याचे बोट धरते. कोणाचीही जागा कायमची नसते. बाबासाहेबांनी या देशातल्या श्रेणीबद्ध विषमतेवर बोट ठेवले. एकावर एक पायऱ्या, आणि जन्मला त्या पायरीवरच मरायचे. स्वतः बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर वेगळे बसावे लागले, आणि शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. आपल्या कित्येक पिढ्या वर्गातले कायमचे शेवटचे म्हणून बसल्या. अशा समाजाच्या लेकराला आयुष्यात पहिल्यांदा 'मी थोरला, मला येते, मी दाखवतो' हे अनुभवायला मिळणे, ही लहान गोष्ट नाही. हुशार असो की सावकाश शिकणारे असो, तिसऱ्या वर्षी तो मान प्रत्येकाला मिळतोच.

आपल्या धम्मात हे नवीन नाही. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा सोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजकुमारच म्हणाले, भगवान, आधी उपालीला प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. संघात मोठेपण जन्मावरून मोजत नाहीत, किती वर्षावास झाले त्यावरून मोजतात. आणि शिकवण्याची रीत पाहायची तर राहुलाची गोष्ट आठवा. तथागतांनी लहान राहुलाला खोटे बोलू नये हे कसे शिकवले? पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी उरवले आणि विचारले, राहुल, हे उरलेले पाणी दिसते का? मग ते सांडले, भांडे उपडे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले. प्रत्येक वेळी एक प्रश्न. वस्तू समोर ठेवून, डोळ्यांनी पाहू देऊन शिकवले. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे मॉन्टेसरीबाईंच्या कपाटातही हेच आहे.

परवा एक ताई मला रस्त्यात भेटून म्हणाली, "भाऊ, ते सगळं खरं, पण माह्या पोराले एबीसीडी कवा येईन?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा नाही. इंग्रजी आपल्या लेकरांना आलीच पाहिजे. पण या पद्धतीत अक्षरे टाळलेली नाहीत. खरकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवतात. लेकरू त्यावरून बोट फिरवते आणि तोंडाने आवाज काढते. हात, डोळा आणि कान तिन्ही एकदम शिकतात. आज 'म' आणि 'क' करा, पुढे 'ए' आणि 'बी' करा, कोणी नाही म्हटले आहे? फक्त तीन वर्षांच्या पोराच्या हातात पेन देऊन चार पाने लिहून आण म्हणू नका.

दुसरी शंका मीच घेतो. सगळ्यांना एका खोलीत कोंबले म्हणजे मॉन्टेसरी होत नाही. माझ्या लहानपणीची शाळाही एका खोलीत चार वर्गांची होती. तिथे छडी होती, साधन एकही नव्हते. आणि थोरल्या मुलींना धाकट्यांचे नाक पुसायला लावणे हेही मॉन्टेसरी नव्हे. तसे केले तर माझ्या अक्काचीच गोष्ट पुन्हा होईल. थोरल्याने दाखवायचे ते त्याच्या मर्जीने, आणि त्याच्यासाठी कठीण कामही कपाटात पाहिजे. नाहीतर सहा वर्षांचा पोरगा कंटाळतो आणि लहानांना चिमटे घेतो.

मग आपण काय करायचे? माझी सूचना अशी, की पार्टिशनच्या पैशात भिंतीला लागून लेकरांच्या छातीइतक्या उंचीची फळी-कपाटे करावीत. साधने आपल्या घरात आहेत. तूर, हरभरा, मूग एकत्र करून वाटीत द्या, निवडू द्या. चिंचोके आणि सीताफळाच्या बिया मोजायला. सरकी, रुई, सुती, तरट आणि रेशीम यांचे तुकडे, डोळे मिटून हाताने ओळखायला. जुन्या शर्टाची बटणपट्टी लाकडी चौकटीला ठोकून द्या. दोन लहान लोटे द्या, एकातून दुसऱ्यात पाणी ओतायला. सांडले तर पुसायला फडकेही द्या. चौकटी आणि ठोकळे करून देण्याचे काम आपल्यातले सुतारकाम जाणणारे मित्र करतील, मीही रविवारी येईन. प्रत्येक साधन एकच ठेवा. आणि ताईंना माझी हात जोडून विनंती, की लेकरू बटण लावत असेल आणि पाच मिनिटे लागत असतील तर लागू द्या. आपले हात मागे बांधून ठेवा. सगळ्यात कठीण काम तेच आहे.

फीचा विचार सोडून द्यावा. फी लागली की पहिल्यांदा कोण गळते ते आपल्याला माहीत आहे. आणि दार सगळ्यांना उघडे राहू द्या. मातंग वस्तीतली, तांड्यावरची, मोहल्ल्यातली, गावातली, ज्याला पाठवायचे त्याने पाठवावे. वयाचे पार्टिशन नको म्हणायचे आणि जातीचे ठेवायचे, असे होऊ नये.

सरकारलाही आपण सोडायचे नाही. संविधानाच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली होती. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क दिला, ते चांगले झाले. पण सहाच्या आतली लेकरे मार्गदर्शक तत्त्वातच राहिली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही सहापासूनच धरतो. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक पायाभूत टप्पा मानला आहे. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आपल्या वाशीमचे नाव आले. चांगले की वाईट ते तुम्ही ठरवा, पण नाव आले आहे तर अंगणवाडीच्या ताईंना साधने, प्रशिक्षण आणि पोटभर मानधन मिळाले पाहिजे, हे मागायला आपण मोकळे आहोत. पोषण आहार, लसीकरण, रजिस्टर, सर्वे, सगळे एका बाईच्या माथी, आणि वर तिने मॉन्टेसरी व्हावे, हे चालणार नाही.

माझे बोलणे लांबले. आज संध्याकाळी समितीची बैठक आहे. माझे मत मी आत्ताच सगळ्यांसमोर सांगून टाकले. समितीने वेगळा निर्णय घेतला तरी रविवारी ठोकळे तासायला मी येणारच. पण हात वर करण्याआधी प्रत्येकाने एकदा त्या सतरंजीजवळ जाऊन पाच मिनिटे उभे राहावे. कोण कोणाला काय दाखवत आहे, ते पाहावे. आणि मग सांगावे, पार्टिशन कुठून टाकायचे!

नमो बुद्धाय! जय भीम!